व्याह्यांचा फ्लॉवर, माझा कोबी

५ ऑक्टोबर, रविवार
निघोज्याला जाऊन आलो, वर्षालीच्या सासरी. पोरीला पाचवा महिना. तब्येत छान. जेवणाआधी व्याही सयाजीराव यांनी घरामागचं वावर दाखवलं. बाकी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेलीय, उरलेल्या तुकड्यात भाजी. फ्लॉवरचे गड्डे असे, की उचलायला दोन्ही हात लागावेत. मी म्हटलं, वा. मुलीकडच्यांना वा म्हणावंच लागतं. मुलाकडच्यांनी नुसता दगड दाखवला तरी वा.

जेवताना वर्षाली म्हणाली, पप्पांसारखा फ्लॉवर कुठेच मिळत नाही.

आमच्या घरात पप्पा कुणीच नाही. मी बाबा. पप्पा म्हणजे ते. पाण्याचा तांब्या जवळ ओढला. भाजीत मीठ जास्त होतं.

मत्सर अजिबात नाही. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये केस पांढरे केलेला माणूस दुसऱ्याच्या मालाकडे तटस्थपणे बघतो. गड्ड्यांचा रंग थोडा पिवळट होता, एवढंच नोंदवून ठेवतो.

६ ऑक्टोबर
कालची खरी गोष्ट लिहायची राहिली. निघताना विहीणबाई, म्हणजे दुर्गाबाई, म्हणाल्या, बाळंतपणाला हितंच राहू द्या की तिला. मोकळी हवा हाय, ताजी भाजी हाय, दवाखाना बी जवळ हाय. वर्षाली नुसती हसली. नाही म्हणाली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. रीत आहे. आमच्या काळेवाडीत काय हवा नाही? पोर तिथे जन्मलं तर डोळे उघडून पहिल्यांदा बघणार काय, तर सयाजीरावांच्या मिशा. मला हॉस्पिटलच्या दारात पिशवी धरून उभं करतील आणि सगळं झाल्यावर पेढा देतील.

संध्याकाळी निर्णय घेतला. सातव्या महिन्यातलं डोहाळेजेवण आपल्या गच्चीवर. आणि पानातली भाजी आपल्या गच्चीवरची. फ्लॉवर, कोबी, नवलकोल. एकदा पोरीनं बाबांचा फ्लॉवर खाल्ला की निघोज्याचं नाव काढणार नाही. लगेच फोन करून व्याह्यांना तसं सांगितलं. म्हणाले, बरं बरं पाव्हणं, करा की. स्वर मला आवडला नाही.

रोहिणी म्हणाली, आधी पोरीला विचारा, तिला काय खावंसं वाटतंय. विचारायचं काय? सगळ्यांसमोर बोलली ती. रोहिणीला मुलीचं मन कळत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
नर्सरीतून रोपं आणली. ग्रो बॅग, कोकोपीट, शेणखत. नर्सरीवाल्याला म्हटलं, इनकमिंग इन्स्पेक्शन केल्याशिवाय माल घेणार नाही. एकेक रोप उचलून बघितलं. मागे रांग लागली. लोकांना क्वालिटीची किंमत नसते.

गच्चीवर रांगा सरळ दोरीत लावल्या. रोहिणीने विचारलं, कपडे कुठे वाळत घालू? मोठ्या कामाच्या वेळी माणसं असले प्रश्न विचारतात.

१६ ऑक्टोबर
आनंदाची बातमी. सकाळी गच्चीवर पांढरीशुभ्र फुलपाखरं! माझ्याच रोपांवर. उठत होती, बसत होती, परत उठत होती. निसर्गाने पसंती दिली. व्याह्यांच्या वावरात मला एकही दिसलं नव्हतं.

फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘गच्चीवर पाहुणे आले!’ सयाजीरावांचं उत्तर आलं, संबाळा पाव्हणं.

जळाले.

२४ ऑक्टोबर
काल भाऊबीज झाली. चार दिवस फराळ, पाहुणे, यात गच्चीवर जाणं झालं नाही. आज गेलो तर पानांना भोकं. काही पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात. पानाखाली हिरव्या-पिवळ्या अळ्या, गर्दी करून. निवांत चरतायत.

घाबरलो नाही. खाली आलो, चहा घेतला, व्हाय-व्हाय ॲनालिसिस केलं. कंपनीत रिजेक्शन आलं की आम्ही असंच करतो. पाच वेळा ‘का’ विचारायचं, की मूळ कारण हातात येतं. पानाला भोक का पडलं? अळीने खाल्लं. अळी कुठून आली? अंड्यातून. अंडं कुणी घातलं? फुलपाखराने. फुलपाखरू कुठून आलं? उत्तरेकडून, मी स्वतः पाहिलंय. उत्तरेला काय आहे? निघोजे.

मूळ कारण सापडलं. व्याह्यांचं नाव इथे लिहीत नाही. नातं नाजूक आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार
वर्षाली आणि प्रज्वल आले. जावई माणूस चांगला, बापावर गेला नाही. पण गाडीतून चार मोठ्या कुंड्या उतरवल्या. मोहरी. चांगली वाढलेली, पिवळ्या फुलांवर आलेली. पप्पांनी पाठवलीय म्हणे तुमच्या कोबीसाठी.

लगेच सयाजीरावांचा फोन. म्हणाले, पाव्हणं, आमी दुसरं काय करत न्हाई बगा. कडंनी मोहरी लावतो. फुलपाखरं तिच्यावर जात्यात, आळ्या तिच्यावरच व्हत्यात, मग ती उपटून टाकायची. फकस्त कोबीपासनं लांब ठेवा.

डाव लक्षात आला. मुलाकडच्यांकडून आलेली भेट. ती मी गच्चीच्या कोपऱ्यात, लांब, टाकीखाली ठेवायची. वर उपटून टाकायची. आणि मग डोहाळेजेवणाला येऊन दुर्गाबाई सगळ्या बायकांत म्हणणार, आमच्या कुंड्या टाकीखाली फेकल्या हो. पोरीचं त्या घरात काय राहील?

मी इतका कच्चा नाही. चारही कुंड्या कोबीच्या बरोब्बर मधोमध ठेवल्या. मानाची जागा. फोटो काढून पाठवला. त्यावर व्याह्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. काय बोलणार?

वर्षाली गच्चीवर आली, पण दारातूनच परत फिरली. चेहरा उतरला होता. बाबांचे कष्ट बघून भरून आलं असणार.

२ नोव्हेंबर, रविवार
कायमचा बंदोबस्त. कंपनीत पॅकिंगची बारीक नायलॉन जाळी भंगारात निघाली होती. डिस्पॅचच्या धम्मरत्नकडून रीतसर गेट पास करून आणली. तो म्हणाला, सर, घरी लग्न आहे का? मी म्हटलं, त्याहून मोठं आहे.

पाइप उभे करून सगळ्या गच्चीभर तंबू ठोकला. खालच्या कडेला विटा. एक मुंगी आत जाणार नाही. बाहेर पाटी लावली, लॅमिनेट करून: ‘झिरो डिफेक्ट झोन’.

रोहिणी म्हणाली, जाळी लावायच्या आधी आतल्या अळ्या वेचायच्या होत्या ना. म्हटलं, बाहेरून सप्लाय बंद झाला की आतला स्टॉक आपोआप संपतो. ती म्हणाली, आतला स्टॉक कोबी खातोय. तिला सिस्टिम समजत नाही.

आणखी एक तक्रार तिची. म्हणे, रोज सकाळी चिमण्या येऊन अळ्या टिपायच्या, त्याही तुम्ही बंद केल्या. चिमण्यांवर विसंबून मी प्रोसेस चालवू? उद्या चिमणी आली नाही तर जबाबदार कोण?

९ नोव्हेंबर, रविवार
इन्स्पेक्शन बाहेरूनच करतो. जाळी उघडली की बंदोबस्त मोडला. त्यामुळे आतलं नीट दिसत नाही, पण हिरवळ आहे. हलतेही आहे. वारा असावा.

रोहिणीने निंबोळी अर्काची बाटली आणून हातात ठेवली. फवारणार होतो. पण तीच म्हणते, सगळ्यात जास्त अळ्या मोहरीवर. व्याह्यांच्या मोहरीवर औषध मारायचं? उद्या ती करपली तर? बाहेरून जाळीवरच थोडं फवारलं. माझं कर्तव्य झालं.

शेजारी विचारत होते, गच्चीवरून कसला वास येतो? कोबी कुजल्यासारखा. म्हटलं, पवनेचा असेल. नदीकडे बघा जरा.

१३ नोव्हेंबर
वर्षालीला फोन केला. मागे सयाजीरावांचा आवाज. काय खाल्लंस, विचारलं. म्हणाली, फ्लॉवरची भाजी, पप्पांनी ताजा काढून दिला, एकदम मस्त. मागून ते हसले. मोठ्याने. आपल्या घरात आपल्याच सुनेला आपलाच फ्लॉवर खाऊ घालून कुणी एवढं हसतं का?

लहानपणी ही पोर माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नव्हती. ओव्हरटाइम करून यायचो तोवर तशीच बसायची, ताट पुढ्यात घेऊन. रोहिणी चिडायची. हे सयाजीरावांना माहीत नाही. सांगणारही नाही.

जेवलो नाही. भूक नव्हती. रोहिणीने विचारलं, जळजळतंय का? म्हटलं, हो, ॲसिडिटी.

१९ नोव्हेंबर
विजय! अळ्या संपल्या.

सकाळी बघतो तर सगळ्या अळ्या कोबी सोडून वर चढलेल्या, जाळीला चिकटून वाळून लोंबकळतायत. हालचाल शून्य. काही पाइपांना, काही पाटीच्या मागे. कडक झाल्यात. बंदोबस्तापुढे टिकाव लागला नाही, उपासमारीने गेल्या.

ग्रुपवर टाकलं: ‘शंभर टक्के कंट्रोल. औषधाचा थेंबही नाही.’ थेंब जाळीवर मारला होता, पण तो बाहेरून. व्याह्यांनी फक्त अंगठा दाखवला. वर्षालीने टाळ्या पाठवल्या. चार टाळ्या. त्यांच्या फ्लॉवरच्या फोटोला तिने तीनच दिल्या होत्या, मी मागे जाऊन बघितलं.

पानं फारशी उरली नाहीत, हे खरं. पण आता शत्रू नाही म्हटल्यावर नवी फुटतील. डोहाळेजेवणाला वेळ आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी गच्चीवर पांढरी फुलपाखरं. भरपूर. जाळीला धडका देत होती. मी हसलो. म्हटलं, बसा बाहेर.

चष्मा लावून बघितलं. ती आत आहेत.

कुठून शिरली? पूर्ण जाळी बोटांनी चाचपून पाहिली. कुठेच फट नाही. विटा जागच्या जागी. रोहिणी वर आली, जाळीला चिकटलेली एक वाळकी अळी बोटावर घेऊन म्हणाली, अहो, ही अळी नाही, रिकामा कोष आहे. तुम्ही यांना पाळलंत. चिमण्यांपासून वाचवलंत, खायला मोहरी दिलीत, डोक्यावर छप्पर दिलंत. माहेरपण केलंत यांचं.

मी विटा परत एकदा मोजल्या. पण मोहरी कुणी पाठवली, हा मुद्दा तिने सोयीस्कर टाळला.

७ डिसेंबर, रविवार
वस्तुस्थिती. नवलकोल: नाही. कोबी: गड्डा धरलेला एकही नाही, नुसत्या काड्या. फ्लॉवर: एक, लिंबाएवढा, मोहरीच्या कुंडीमागे लपलेला. त्यावरही दोन अळ्या.

पुढच्या रविवारी डोहाळेजेवण. दुर्गाबाईंचा फोन आला होता म्हणे रोहिणीला, आमचं सगळं घर येणार, पाव्हण्यांच्या गच्चीवरची भाजी खायला. ‘सगळं घर’ म्हणजे दोन गाड्या.

एका फ्लॉवरमध्ये दोन गाड्या बसत नाहीत. भाजी बाहेरून सांगावी लागेल. ती गच्चीवरचीच आहे असं मी म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. कुणी विचारलं तर वाढायला घेईन.

पण बाळंतपणाचं काय? रिकाम्या काड्यांसमोर पोरीला बसवून, इथे ये म्हणायला तोंड कुठलं आणू? सयाजीराव मिशीवरून हात फिरवतील. मला तो हात आत्ताच दिसतोय.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ
डेकोरेशनवाली पोरगी आली. झोपाळा, झेंडूच्या माळा. म्हणाली, काका, मागची जाळी काढा, फोटोत घाण दिसते. म्हटलं, हात लावायचा नाही. तिने रोहिणीकडे बघितलं. रोहिणीने माझ्याकडे बघितलं. विषय पुढे ढकलला.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
हे शांतपणे लिहायला हवं.

वर्षाली हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, झोपाळ्यावर बसली. मला भरून आलं. बायका गाणी म्हणायला लागल्या. निघोज्याची सगळी मंडळी हजर. सयाजीराव जाळीच्या अगदी जवळ जाऊन डोळे बारीक करून आत बघायला लागले. म्हणाले, पाव्हणं, कोबी कुटं हाय? मी म्हटलं, चहा घेतलात का?

तेवढ्यात प्रज्वलने, फोटो चांगले यावेत म्हणून, सासूबाईंच्या, म्हणजे रोहिणीच्या, सांगण्यावरून, मला न विचारता, कात्रीने जाळी वरपासून खालपर्यंत कापली.

पांढरा लोटच बाहेर आला. सगळी गच्ची फुलपाखरांनी भरली. बायकांची गाणी थांबली. फुलपाखरं वर्षालीच्या फुलांच्या दागिन्यांवर, गजऱ्यावर, हातांवर बसायला लागली, आणि ती लहानपणी हसायची तशी खळखळून हसली. सगळ्यांनी मोबाइल काढले. दुर्गाबाई म्हणाल्या, अगंबाई, किती हौस बापाला! पोरीसाठी फुलपाखरं पाळली!

मी मान खाली घातली. नम्रपणे. नाही म्हणालो नाही.

सयाजीरावांनी खांद्यावरचं एक फुलपाखरू बोटावर घेतलं. मग म्हणाले, ह्ये लई झाक केलं पाव्हणं. आमाला न्हाई सुचलं ह्ये. आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. ऑक्टोबरपासून रोज दाढी करताना आरशात बघतोय. आयुष्यात इतकं समाधान मला कमी वेळा मिळालंय.

जेवणात फ्लॉवर होता. कुठला, ते कुणी विचारलंच नाही.

१५ डिसेंबर
कालचं पुढचं. लिहिणार नव्हतो.

मंडळी खाली आइसक्रीम खात होती. वर्षाली एकटी वर आली, नाकाला पदर लावून. मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, बाळा, बाळंतपणाला इथे ये. फ्लॉवर यावर्षी जमला नाही, पण पुढच्या वेळी तुझ्या पप्पांपेक्षा मोठा काढून दाखवतो.

ती झोपाळ्याला टेकली. म्हणाली, बाबा, मला फ्लॉवरचा वाससुद्धा सहन होत नाही. चौथ्या महिन्यापासून तोंडात घातला नाही. कोबीचाही तसाच. पप्पा एवढ्या प्रेमाने काढून आणतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मस्त मस्त म्हणते. पान वाढलं की प्रज्वल गुपचूप माझी भाजी खातो. त्या दिवशी तुमची गच्ची बघून मला उलटी आली असती, म्हणून दारातून पळाले.

मी म्हटलं, मग दुर्गाबाईंना ‘नाही’ का म्हणाली नाहीस? बाळंतपणाचं?

म्हणाली, सासूबाईंना तोंडावर कसं नाही म्हणणार? आईनं आणि मी गौरीलाच ठरवलंय, इथेच येणार म्हणून. पप्पांनाही माहितीय. तुम्हाला आईनं सांगितलं नाही? तुम्ही त्या दिवशी ओव्हरटाइमला होता बहुतेक.

मग म्हणाली, फक्त मी यायच्या आधी हे सगळं काढा बाबा. वासानं मळमळतं.

रोहिणीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही फुलपाखरांचे फोटो काढत होता.

१६ डिसेंबर
रजा टाकली. सगळ्या काड्या उपटल्या. जाळी गुंडाळून भंगारवाल्याला दिली. पाटीसुद्धा. गच्ची धुतली, फिनाइल टाकून दोनदा. चिमण्या कठड्यावर बसून बघत होत्या.

खरं सांगायचं तर मी जळत होतो. लिहितो आता, कुणी वाचत नाही. एका भाजीवर जळत होतो, जी पोरगी खातही नव्हती. तिकडे तिला गोड बोलावं लागतं. इथे नाक दाबून सरळ मळमळतं म्हणाली. मला बरं वाटलं त्याचं. दिवसभर कंबर दुखत होती, तरी बरं वाटलं.

रोहिणीने संध्याकाळी गच्चीवर कपडे वाळत घातले.

२१ डिसेंबर, रविवार
वर्षाली बाळंतपणाला आली. सयाजीराव स्वतः गाडी घेऊन सोडायला आले. डिकी उघडली, तर आत पोतं. फ्लॉवर. म्हणाले, पोरीला सवय हाय आमच्या फ्लॉवरची. दर आयतवारी आनून देत जाईन. हितं कुटं मिळतोय असा.

वर्षालीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती म्हणाली, थँक्यू पप्पा.

सयाजीरावांचा चेहरा खुलला. मिशीवरून हात फिरवला. घर रिकामं झाल्यासारखं वाटतंय म्हणाले, आणि घाईघाईने चप्पल घालायला लागले. चहाला थांबले नाहीत. पोतं मी उचलून आत नेलं. म्हटलं, वा.

२३ डिसेंबर
वर्षाली मागच्या खोलीत, दार लावून, खिडकी उघडी ठेवून. तिच्यासाठी मुगाची खिचडी. फ्लॉवर शिजवायचा तो गॅलरीत, छोट्या शेगडीवर, म्हणजे वास आत जात नाही. ते काम माझ्याकडे. संपवायचंही माझ्याकडे, कारण फेकला आणि त्यांना कळलं तर पोरीचं काय?

व्याह्यांचा फोन आला. पोरीला आवडला का फ्लॉवर? म्हटलं, हो, मिटक्या मारत खाल्ला.

रात्री जेवताना मीच खाल्ला. चांगला आहे. दोनदा घेतला.